अठरा वर्षं ती काय बघत होती

पाठ वाकून मला आता नववं वर्ष.
मणके झिजलेत, डॉक्टर म्हणाले,
तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर.
खरंच, मला काय सांगायचं.
एकतीस वर्षं मीच सांगत आले दुसऱ्यांना,
फाइलवरून नजर न उचलता.

सुरतेकडची पहाटगाडी गेली की उठते.
डबीत सात खण, सात वार.
गुरुवारच्या तीन गोळ्या, कोमट पाणी,
मग मोठ्या अक्षरांचं शास्त्र
आणि यांच्यामागे राहिलेलं यांचं भिंग.
भिंगाला कडेला तडा गेलाय,
त्यामुळे 'भिऊ नको' वाचताना
'भिऊ' दोनदा दिसतं,
'नको' एकदाच.

फेब्रुवारीत नंदुरबारची हवा तिखट असते.
वसाहतीमागच्या माळावर मिरच्यांच्या पथाऱ्या,
वारा फिरला की अख्खी मंडळी शिंकते,
प्रभूच्या प्रार्थनेतसुद्धा.
त्या रविवारी पाळक अमोस
वाकलेल्या बाईवर बोलले.
माना माझ्याकडे वळल्या.
मला दिसल्या नाहीत, पण कळल्या.
उपासनेनंतर सहा हात माझ्या पाठीवर,
एकाला लसणाचा वास.
आमेन म्हणून मी उठले
तशीच.
कोणी काही बोललं नाही. चहा झाला.

पंधरा दिवस त्या उताऱ्याशी माझा अबोला.
पान आलं की दोन पानं उलटायची,
भांडलेल्या जावेच्या दारावरून जावं तशी.

मग वीज गेलेली एक संध्याकाळ.
शेजारची कुंजल, तिसरीतली,
दाखव आक्का, मी वाचते, म्हणत
उघडलं तर नेमकं तेच.
'सभास्थान'वर दोनदा अडखळली,
पुढे गेली, बोट ओळीवर ठेवून थांबली:
"आक्का, अठरा वरीस ती काय देखत व्हई वं?"

मी म्हटलं, जमीन.
मुंग्या. सांडलेले दाणे.
लोकांचे पाय.

पाय म्हणाले
आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं.

पाय मला ठाऊक आहेत.
कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात मी पायच वाचले.
रात्री उंदरानं अंगठा कुरतडला
तरी झोपून राहिलेला माणूस.
टाचेत खिळा रुतलेला, चार कोस चालून आला,
आणि मी उपसून दाखवला तेव्हा हसला:
हा माझा कुठे, सिस्टर?
चेहरे पुसले गेले, नावंही.
टाचा आठवतात.

त्या दिवशी सभास्थानात
सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला असेल.
तिला हाक आली तेव्हा ती
पायांच्या रानातून वाट काढत निघाली,
आणि तिनं आधी पाहिले ते पाय.
धुळीचे, बोटाशी भेगाळलेले,
वहाणेचा एक बंद गाठ मारून जोडलेला.
अजून खिळे नव्हते त्यांत.

ज्यांना खिळा कळत नव्हता
असे किती पाय मी बांधले.
त्याला कळला.
सगळा कळला.

कुंजल म्हणाली, आक्का, रडस का वं?
म्हटलं, मिरची गं.

सरळ मी झाले नाही, हे सांगून टाकते.
रात्री कूस बदलताना अजून देवाचं नाव निघतं,
दरवेळी भक्तीनंच असं नाही.

पण परवा दुपारी
पथारीवरची होनाबाई दाराशी सावलीला टेकली.
टाचांना चिरा, चिरांत तिखट,
पाय हवेत धरून फुंकर घालत होती.
घमेलं काढलं, मीठ टाकलं,
आणलं आत तिला, बसवलं खुर्चीवर.
नको नको माय, म्हणाली,
तुम्ही म्हाताऱ्या, कुठे वाकता.

मला वाकावं लागलं नाही.
मी वाकलेलीच होते.